गाणं आपलं, मग रेकॉर्डिंग कोणाचं?

आंबेडकरी चळवळ गात गात वाढली, हे आपण प्रत्येक व्यासपीठावरून सांगतो. ते खरंही आहे. पण हे गाणं कोणत्या यंत्रावर नोंदवलं गेलं, ती नोंद आज कोणाच्या कपाटात आहे आणि तिच्यावर पैसे कोण कमावतं, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. म्हणून या लेखात एका वरवर किरकोळ वाटणाऱ्या विषयावर लिहिते आहे. घरी गाणं रेकॉर्ड करण्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं आणि कोणता ऑडिओ इंटरफेस घ्यावा? माझं म्हणणं असं की हा फक्त हौशी पोरांच्या खरेदीचा विषय नाही. उत्पादनाची साधनं कोणाच्या हातात असावीत, या जुन्याच प्रश्नाचं हे नवं रूप आहे.

थोडा इतिहास पाहू. सत्यशोधक जलशांची परंपरा पुढे नेत भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी १९३०च्या दशकात गावोगावी आंबेडकरी जलसे केले. त्यांचे शब्द काही प्रमाणात कागदावर उरले, चाली एकमेकांकडून ऐकून उरल्या. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर फिरून हजारो गाणी रचली आणि ती वह्यांतून, गायन पार्ट्यांमधून पसरली. १९८०च्या दशकात कॅसेट आली आणि भीमगीत चहाच्या टपरीपासून रिक्षापर्यंत पोहोचलं. चळवळीला तिचा फायदा झाला, हे मान्य करायलाच हवं. पण त्या काळात बहुतेक गायक-गीतकारांच्या वाट्याला काय आलं? एकरकमी मानधन, कॅसेटच्या वेष्टणावर छोटासा फोटो आणि पुढच्या जयंतीची सुपारी. मूळ टेप कंपनीकडे राहिली. आज तीच गाणी इंटरनेटवर लाखो लोक ऐकतात, आणि ज्यांच्या गळ्यातून ती आली त्यांच्या घरात त्याचा हिशोबसुद्धा पोहोचत नाही.

बाबासाहेबांनी नुसती पत्रं काढली नाहीत, छापखानाही उभा केला. भारत भूषण आणि पुढे बुद्ध भूषण ही त्या छापखान्याची नावं आपल्याला पाठ आहेत. २०१६ साली दादरला आंबेडकर भवन आणि ती वास्तू पाडली गेली, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले. कारण लिहिणारा आपला असला तरी छापणारा दुसरा असेल, तर काय छापायचं हे शेवटी दुसराच ठरवतो, हे आपल्याला कळत होतं. मग गाण्याच्या बाबतीत हे आपल्याला का कळू नये? आजच्या गाण्याचा छापखाना म्हणजे एक लॅपटॉप, एक इंटरफेस, एक माईक, हेडफोन आणि एक सॉफ्टवेअर. एका रात्रीच्या डीजेवर आणि लायटिंगवर आपली मंडळं जेवढी वर्गणी उडवतात, तिच्या एका हिश्श्यात हा छापखाना उभा राहतो आणि पुढची अनेक वर्षं चालतो.

यावर तीन आक्षेप हमखास येतात.

पहिला आक्षेप: मोबाईलवर सगळं होतं, मग यंत्रं कशाला? मोबाईल वाईट नाही. मोर्चातली घोषणा, सभेतलं उत्स्फूर्त गाणं टिपायला तोच उत्तम. पण मोबाईलचा माईक माणसाचं बोलणं पोहोचवण्यासाठी बनवलेला असतो. ढोलकीची थाप जोरात पडली की आवाज फाटतो, आणि अनेक फोन आवाजाची पातळी आपणहून वर-खाली करतात. शिवाय गायक, कोरस, ढोलकी, पेटी सगळं एकाच फाइलमध्ये कालवलं जातं. नंतर गायकाचा शब्द वर काढायचा म्हटलं तर ढोलकीही वर येते.

दुसरा आक्षेप: करायचं तर मोठ्या स्टुडिओत, 'प्रोफेशनल' करू. जरूर करा, पण तिथे तासाचं मीटर चालू असतं. ज्या गायिकेला पहिल्यांदाच माईकसमोर उभं राहायचं आहे, तिचा अर्धा तास भीती जाण्यातच जातो. आमच्या भागातल्या एका गटाला एका स्टुडिओने शेवटी फक्त एमपीथ्री हातात दिली. सुटे ट्रॅक मागितले तर वेगळे पैसे सांगितले, आणि काही महिन्यांनी फाइल उडाल्याचं कळवलं. पैसे गटाचे, गाणं गटाचं, पण उरलं काय? बाजारात विकत मिळणाऱ्या कोणत्याही प्रतीसारखीच एक प्रत.

तिसरा आक्षेप जरा वैचारिक आहे: चळवळीचं गाणं कोणाच्या मालकीचं नसतं, मग हक्काची भाषा कशाला? ऐकायला छान वाटतं. पण हा त्याग नेहमी कलाकारालाच सांगितला जातो. मंडपवाला, साउंडवाला, जनरेटरवाला यांची बिलं आपण भागवतो आणि शाहिराला मात्र 'समाजासाठी' गायला सांगतो. गाणं समाजाचं असावं असं खरंच वाटत असेल तर ते लेखी ठरवून समाजाच्या ताब्यात ठेवा. बेवारस सोडलेली वस्तू समाजाची होत नाही. जो आधी उचलतो त्याची ती होते.

आता कामाचं बोलू.

इंटरफेस कसा निवडावा?

ऑडिओ इंटरफेस म्हणजे माईकचा क्षीण विद्युत संकेत वाढवून त्याचं आकड्यांत रूपांतर करणारी आणि यूएसबीने लॅपटॉपला देणारी छोटी पेटी. तिची निवड जाहिरातीवरून नको, आपल्या कामावरून करा.

एक, एका वेळी किती माईक लागणार? एक गायक आणि एक वाद्य, एवढंच एका वेळी रेकॉर्ड करायचं असेल तर दोन इनपुट पुरतात. आधी ढोलकी आणि कच्चा आवाज, मग पेटी, मग कोरस, शेवटी पक्का आवाज अशी पाळीपाळीने भर घालता येते. फोकसराइट स्कार्लेट २आय२, मोटू एम२, बेहरिंगर यूएमसी२०२एचडी ही याच वर्गातली नावं. एकच माईक लागणार असेल तर स्कार्लेट सोलोसारखा एका माईकचा इंटरफेसही चालतो. पण सवाल-जवाब, झीलकऱ्यांसह पूर्ण जलसा एका दमात टिपायचा असेल तर आठ इनपुट लागतील आणि खर्च बराच वाढेल. तेव्हा गायन पार्टीचा यूएसबी मिक्सर वापरू असं कोणी सुचवलं तर एक गोष्ट तपासा. अनेक यूएसबी मिक्सर आठ माईक घेतात, पण लॅपटॉपला मात्र कालवलेले दोनच ट्रॅक देतात. सुटे ट्रॅक मिळत नसतील तर त्याचा उपयोग मोबाईलपेक्षा थोडाच जास्त.

दोन, माईकसाठी कॅनन पिनचं सॉकेट हवं. स्टेजवरच्या पुष्कळ केबलना एका टोकाला कॅनन आणि दुसऱ्या टोकाला पी-३८ पिन असते. ती केबल इंटरफेसला लावली तर आवाज बारीक आणि खरखरीत येतो. दोन्ही टोकांना कॅनन असलेली केबल घ्या. कंडेन्सर माईकला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो, तो इंटरफेसमध्ये असावा.

तीन, विंडोजवर काम करणार असाल तर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे का, हे विचारा. आवाज माईकमधून लॅपटॉपमध्ये जाऊन हेडफोनमध्ये परत यायला जो उशीर लागतो, तो यावर अवलंबून असतो. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे एका दिशेला साधारण ५ मिलिसेकंद. जाऊन-येऊन हा उशीर वाढतो, आणि फार वाढला तर गायकाचा ताल चुकतो. म्हणून 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण असलेला इंटरफेस घ्या. त्यात गायकाला स्वतःचा आवाज लॅपटॉपचा वळसा न घेता थेट ऐकू येतो. जुन्या लॅपटॉपवर हे बटण फार मोलाचं आहे.

चार, यूएसबीवरच चालणारा, वेगळा अडॅप्टर न लागणारा इंटरफेस आपल्या वस्त्यांसाठी सोयीचा. वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालू राहतं. घरात अर्थिंग नीट नसेल आणि आवाजात सतत गुणगुण येत असेल, तर चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहा. पुष्कळदा गुणगुण तिथेच थांबते.

पाच, १९२ किलोहर्ट्झ वगैरे आकड्यांना भुलू नका. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ आपल्या कामाला पुरून उरतं. जागेचा हिशोब करा: या मापाने एका मोनो ट्रॅकला मिनिटाला साधारण ८.६ एमबी लागतात. पाच मिनिटांचं, आठ ट्रॅकचं गाणं सुमारे ३५० एमबीचं होईल. तोच ट्रॅक १९२ला घेतला तर चौपट जागा, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला फरक शून्य.

जुना इंटरफेस मिळत असेल तर जरूर पाहा. पण आपल्या विंडोजच्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर अजून मिळतो का, गेनची बटणं फिरवताना खरखर होते का आणि फँटम पुरवठा चालतो का, या तीन गोष्टी हातात घेऊन तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

माईकबद्दल एकच सांगते. पत्र्याच्या घरात, शेजारी टीव्ही आणि गल्लीत मुलं असताना महाग कंडेन्सर माईक सगळी वस्ती रेकॉर्ड करतो. गायन पार्टीकडे असलेला चांगला डायनॅमिक माईक तोंडाजवळ धरला तर तो बाहेरचं कमी घेतो. मागे-बाजूला गोधड्या टांगा, पंखा बंद करा, आणि सर्वांत मोठ्या आवाजालाही मीटर उणे १० डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन ठेवा. ढोलकीला एकच माईक असेल तर तो दोन्ही पुड्यांचा आवाज सारखा येईल असा समोरून थोडा लांब ठेवा. हलगीला आणखी लांब.

सॉफ्टवेअर कोणतं?

इथे माझी कसोटी एकच आहे: उद्या कंपनीने दुकान बंद केलं किंवा भाडं वाढवलं, तर माझं गाणं माझ्याकडे राहतं का? २०१७ साली गिब्सन कंपनीने केकवॉक या जुन्या सॉफ्टवेअरचं काम थांबवलं. २०१८ मध्ये ते बँडलॅबने विकत घेतलं, तोवर वापरणारे टांगणीला होते. २०२३ मध्ये वेव्हज या कंपनीने प्लगइन कायमचे विकणं बंद करून फक्त वर्गणीवर देण्याचं जाहीर केलं आणि वापरणाऱ्यांच्या संतापानंतर काही दिवसांतच माघार घेतली. दरमहा भाड्याचं सॉफ्टवेअर म्हणजे भाड्याची खोली. भाडं थकलं की दाराला कुलूप. त्यामुळे सुरुवात करणाऱ्यांनी वर्गणीच्या मागे लागू नये.

नुसता आवाज, मुलाखत, जुन्या कॅसेटची डिजिटल प्रत एवढंच काम असेल तर ऑडॅसिटी पुरेसं आहे. ते मोफत आहे आणि मुक्त परवान्याचं आहे. अनेक ट्रॅकचं गाणं बांधायचं असेल तर माझी शिफारस रीपर. ते आकाराने लहान आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं, ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येतं आणि त्यानंतरचा सवलतीचा परवाना ६० डॉलरचा आहे. वैयक्तिक वापराला आणि वर्षाला २०,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या व्यवसायाला तो चालतो. लिनक्स वापरणाऱ्यांनी आर्डर पाहावं. मॅक, आयफोन किंवा आयपॅड असेल तर गॅरेजबँड आधीच फुकट आहे, ते संपूर्ण शिकेपर्यंत दुसरं काही घेऊ नका. इंटरफेससोबत बहुधा एखाद्या महाग सॉफ्टवेअरची मर्यादित आवृत्ती येते. तिच्यात ट्रॅकची मर्यादा असते हे लक्षात ठेवा.

चोरीच्या, 'क्रॅक' सॉफ्टवेअरबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पहिली गोष्ट, त्यातून व्हायरस येतात आणि वर्षाची मेहनत एका दिवसात जाते. दुसरी गोष्ट तत्त्वाची. आपल्या गीतकारांना त्यांच्या श्रमाचं मोल मिळावं असं म्हणणाऱ्याने दुसऱ्याच्या श्रमाचं कुलूप फोडू नये. मोफत आणि स्वस्त पर्याय समोर असताना तर मुळीच नको.

आणखी एक गोष्ट, जी खरेदीच्या सल्ल्यात कोणी सांगत नाही. बहुतेक सॉफ्टवेअर उघडलं की समोर १२० च्या लयीचा, चार-चारचा आखीव जाळीदार पडदा येतो. आपली शाहिरी तशी चालत नाही. पोवाड्यात शाहीर थांबतो, बोलतो, लय चढवतो, झीलकरी त्याला धरून येतात. ही लय जाळीत कोंबली की गाणं सरळ होतं आणि मरतं. म्हणून ग्रिड आणि मेट्रोनोम बंद करा, आधी ढोलकी आणि गायक एकत्र टिपा आणि बाकीचं त्यावर बसवा. सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या आवाजांच्या पोतडीत पाश्चात्त्य ड्रम भरपूर, तबलाही कधीकधी सापडतो. हलगी, दिमडी, संबळ मात्र सहसा नसतात. ते बनवणाऱ्याच्या कानांपर्यंत आपला आवाज गेलेलाच नाही. मग आपणच आपल्या वादकांच्या थापा टिपून त्यांचा संग्रह करावा. हलगीवर जातीने लादलेल्या कामाचा शिक्का होता म्हणून आपल्यातल्या अनेकांनी ती खाली ठेवली. आज तरुण ती स्वाभिमानाने उचलत आहेत. तिचा आवाज तरी आपल्या ताब्यात असू द्या.

कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा १९५७चा आहे आणि त्यात आपल्या उपयोगाचं बरंच काही आहे. ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा 'निर्माता', आणि निर्माता म्हणजे ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. घरी, स्वतःच्या पुढाकाराने रेकॉर्ड केलं तर निर्माते तुम्ही. हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा सही करूनही सोडून देता येत नाही. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. म्हणून 'सर्व हक्क कायमचे' असा कागद समोर आला की सही करण्याआधी वकील मित्राला दाखवा.

पण हाच कायदा आपल्यालाही लागू आहे. गीताचा हक्क कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत. वामनदादा २००४ साली गेले, म्हणजे २०६४ अखेरपर्यंत. हा हक्क वारसांकडे किंवा त्यांनी ज्यांना लेखी दिला त्यांच्याकडे असतो. वामनदादांचं गाणं रेकॉर्ड करून त्यांचं नावही न लिहिता स्वतःच्या चॅनेलवर टाकणारे आपल्यातही आहेत. कंपनीने केलं तर शोषण आणि आपण केलं तर प्रबोधन, असं कसं चालेल? सिनेमाच्या चालीवर भीमगीत बांधायची आपली जुनी रीत आहे. मैदानात ती चालून गेली, पण यूट्यूबवर यंत्रच चाल ओळखतं आणि गाण्याचं उत्पन्न दुसऱ्याकडे वळतं. स्वतःची चाल बांधा. नाहीतर ओवी, पोवाडा, गोंधळ यांचा ठेवा समोर आहेच.

शेवटी स्त्रियांविषयी. रात्री उशिरा शहरातल्या स्टुडिओत जाणं वस्तीतल्या कित्येक मुलींना आणि बायांना शक्य नसतं. म्हणून त्या कोरसमध्ये राहतात आणि श्रेयनामावलीत 'आणि साथी' होतात. विहारात किंवा अभ्यासिकेत दुपारी चार तास यंत्र मोकळं असेल तर त्या मुख्य माईकसमोर येतील. मात्र सॉफ्टवेअर चालवायला दोन मुली शिकल्याच पाहिजेत. माईक बाईच्या हातात आणि माउस कायम पुरुषाच्या, ही नवी वर्णव्यवस्था नको.

माझा प्रस्ताव साधा आहे. येत्या जयंतीच्या बैठकीत आवाजाच्या भिंतीच्या खर्चातला काही भाग कापून दोन इनपुटचा इंटरफेस, दोन डायनॅमिक माईक, कॅननच्या केबल, बंद प्रकारचे हेडफोन आणि रीपरचा परवाना यांसाठी ठेवण्याचा ठराव मांडा. यंत्र एका पुढाऱ्याच्या घरी नको, विहारात ठेवा आणि वापराची वही ठेवा. प्रत्येक गाण्यामागे एक कागद करा: गीत कोणाचं, चाल कोणाची, गायलं कोणी, वाजवलं कोणी, मूळ फाइल कोणाकडे, उत्पन्न आलं तर वाटणी कशी. गाणं सगळ्यांना मोफत द्यायचं असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्ससारखा परवाना त्यावर लिहा. प्रत्येक ट्रॅक वेव्ह स्वरूपात काढून दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर दोन वेगळ्या घरांत ठेवा.

आणि पहिलं रेकॉर्डिंग स्वतःच्या रॅपचं करू नका. वस्तीत ज्यांना जुनी गाणी चालीसकट पाठ आहेत, त्या सत्तरीतल्या आजी किंवा आजोबांना आधी बसवा. पुढच्या जयंतीपर्यंत तो आवाज आपल्यात असेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

जय भीम!